हिराचा मुऱ्हाळी

धुळे,
८ डिसेंबर २०२४

प्रति,
वाचनालय सांभाळणारे जे कुणी असतील ते,
बुद्ध विहार, चोपडा

जय भीम.

आपली ओळख नाही. विहाराच्या पत्त्यावर पत्र टाकतो आहे, कारण चोपड्यातलं मला नीट माहीत असलेलं ठिकाण एकच, बस स्टँड. आणि स्टँडला पत्र लिहून उत्तर येत नाही, हे आयुष्यभर एसटीत ड्रायव्हरकी केलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

मी आधार दौलत बैसाणे. वय त्र्याहत्तर. नावामुळे बँकेत नेहमी तमाशा होतो. खिडकीतली मुलगी म्हणते, "आधार?" मी म्हणतो, "हो, मीच." मग ती नंबर मागते. फोन नंबर मात्र इथं मुद्दाम देत नाही. इंजिनाच्या शेजारी बसून दोन्ही कान गेले. माणूस समोर असला की ओठ बघून भागतं, फोनला ओठ नसतात. म्हणून पत्र.

काम असं आहे. माझा खापरपणजोबा उखा हा तुमच्या तालुक्यातल्या वराडखेड्याचा, अनेर नदीच्या काठचा. तिथल्या हाडोळ्यात, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल आपल्या लोकांना मिळालेल्या जमिनीत, तो बाजरी आणि तूर करायचा. छप्पन्याच्या दुष्काळात, १८९९-१९०० साली, गावच्या पाटलानं घराघरांतली माणसं लिहून घेतली होती. त्या मोडीतल्या कागदाची झेरॉक्स मला इथल्या एका अभ्यासक गृहस्थांकडून मिळाली. मूळ कागद चोपड्याला आहे म्हणतात. पत्नी द्रौपदाबाई वारल्यावर घरात बसवेना, म्हणून मी मोडीच्या वर्गाला जात होतो. मास्तरांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण फळा दिसत होता. तेवढ्यावर शिकलो.

उखाच्या नावाखाली पाटलानं आपल्या खानदेशी बोलीतच लिहून ठेवलं आहे: "आंडोर फकीरा, धुळ्यास. आंडोर हिरा, चोपड्यास." आंडोर म्हणजे मुलगा. थोरला फकीरा हा माझा पणजोबा. दुष्काळात खडी फोडायला धुळ्याला आला, तो परत गेलाच नाही. त्याच्यापासून माझ्यापर्यंत दर पिढीत एकच मूल जगलं, आणि आम्हाला तर तेही झालं नाही. म्हणजे या फांदीवरचा मी शेवटचा. पण धाकटा हिरा चोपड्याला गेला होता. त्याचा वंश तिथं असणार.

लोक भाऊबंदकीला कंटाळलेले असतात. मला भांडायला तरी एखादा भाऊबंद हवा आहे. हिराची नातवंडं-पतवंडं कुणाच्या माहितीत असतील तर कृपा करून कळवावं. उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे.

आपला,
आधार बैसाणे


चोपडा,
२२ डिसेंबर २०२४

आदरणीय आधारभाऊ,

सविनय जय भीम.

वाचनालय मी सांभाळते. सांभाळते म्हणजे रविवारी कुलूप काढते, पंखा लावते आणि पुस्तकं झटकते. वाचायला कुणी येत नाही, पण पंख्याखाली बसायला दोघं-तिघं येतात. बाकीचे दिवस मी आरोग्य सेविका म्हणून खेडोपाडी हिंडते. माझं नाव संघमित्रा. घरी आई आणि मी. यजमान नाहीत. मुलगी मृणाली पुण्याला नोकरी करते.

वराडखेडं माझ्याच भागात येतं. लसीकरणाला गेले होते तेव्हा तुमच्यासाठी मुद्दाम विचारलं. हाडोळ्याला अजून हाडोळाच म्हणतात. आता तिथं केळी उभी आहे, मालक वेगळे, ठिबक सिंचन वगैरे. उखाचं नाव कुणाला माहीत नाही. आपल्या वस्तीतली म्हातारी माणसंही आजोबाच्या मागं जात नाहीत.

चोपड्यातही रविवारी विहारात तुमचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. हिराच्या मुलांचा पत्ता लागला नाही. एकानं विचारलं, म्हाताऱ्याला जमीन सोडवायची आहे का? मी म्हटलं, नाही, त्यांना भांडायला माणूस हवा आहे. तर तो म्हणाला, मग माझे दोन भाऊ घेऊन जा म्हणावं, फुकट देतो.

मूळ कागद बघायचा तर कचेरीतले जुने कागद दाखवणारे गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी रजेवर आहेत. आज येतील, उद्या येतील असं चाललं आहे. नुसता हिराचा मुऱ्हाळी झालाय. ते आले की बघते.

आईनं तुम्हाला जय भीम सांगितला आहे. ती म्हणते, थंडीत कानाला मफलर बांधत जा, ऐकू येत नसलं तरी.

आपली,
संघमित्रा


धुळे,
२८ डिसेंबर २०२४

संघमित्राताई, जय भीम.

पत्र मिळालं. चहा कपातच निवला. तुम्ही सहज लिहून गेलात, "हिराचा मुऱ्हाळी झालाय". हे काय आहे? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरवाशिणीला सासरहून न्यायला जातो तो मुऱ्हाळी, एवढं मला कळतं. पण हिराचा मुऱ्हाळी म्हणजे? असा वाक्प्रचार मी खानदेशात कुठं ऐकला नाही. ऐकू येत होतं तेव्हाही नाही. धुळ्यात मोडीच्या वर्गातल्या चौघांना विचारलं, त्यांनीही माना हलवल्या.

मी असा अंदाज बांधला आहे. आमचा हिरा कुणाच्या तरी बहिणीला आणायला मुऱ्हाळी म्हणून निघाला असेल आणि पोचलाच नसेल. दुष्काळाचे दिवस, वाटेत काय झालं कुणास ठाऊक. त्यावरून लोक तसं म्हणायला लागले असतील. तुमच्या घरात हे कुठून आलं ते तुमच्या आईंना विचारा. कृपा करून लगेच विचारा. म्हाताऱ्या माणसाला जास्त वाट बघायला लावू नये, आणि इथं तर म्हातारी माणसं दोन आहेत.

हे एवढ्या घाईनं लिहितो त्याला कारण आहे. मला हर्निया आहे. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून टाका, फार मोठं नाही. फक्त येताना घरचं माणूस आणा, सही लागते. मी म्हटलं, घरात माणूस एकच, तो तुमच्या समोर बसलाय. शेजारचे अभिमनराव तयार आहेत. देव माणूस. पण त्यांची सही घेतली की मी कायमचा कुणाचा नाही हे कागदावर पक्कं होईल, असं मला वाटतं. हा हट्ट आहे हे कळतं. द्रौपदाबाई असती तर म्हणाली असती, मरा मग हट्टासोबत.

आईंना सप्रेम जय भीम. मफलर बांधतो आहे.

आधार


चोपडा,
२६ जानेवारी २०२५

आदरणीय आधारभाऊ,

उशीर झाला. पल्स पोलिओ, मग शिबिर, मग मला स्वतःला सर्दी.

आईला विचारलं. तिला आठवत नाही. तिची आई म्हणायची म्हणून ती म्हणते, आणि ती म्हणते म्हणून मी. वाट बघायला लावून न येणाऱ्याला आमच्या घरात असंच म्हणतात. गॅसचा सिलिंडर हिराचा मुऱ्हाळी, नळाचं पाणी हिराचा मुऱ्हाळी. मृणालीचा दिवाळीत घरी यायचा बेत तर दरवर्षी हिराचा मुऱ्हाळी. याहून जास्त काही सापडणार नाही, तुम्ही त्याच्या मागं लागू नका.

हर्नियाची मात्र चालढकल करू नका. अडकला तर मोठ्यानं ओरडायची पाळी येईल, आणि तुम्हाला तुमचंच ओरडणं ऐकू येणार नाही. मी रोज अशा माणसांना रागावते, तुम्हालाही रागावते. अभिमनरावांची सही घ्या. सही ही सही असते.

कचेरीतले गृहस्थ परत आले आहेत. तुमची झेरॉक्स पाठवलीत तर मूळ कागद शोधायला सोपं जाईल.

आपली,
संघमित्रा


धुळे,
३ फेब्रुवारी २०२५

संघमित्राताई, जय भीम.

तुमचं रागावणं वाचून बरं वाटलं. चार वर्षांत मला कुणी रागावलं नव्हतं. लोक माझ्याशी फार गोड वागतात. बहिऱ्या माणसाशी भांडायला दम लागतो, म्हणून लोक हसतात आणि निघून जातात.

झेरॉक्स सोबत आहे. उखाच्या ओळीवर पेन्सिलीनं खूण केली आहे. मोडी येत नाही म्हणून घाबरू नका. "आंडोर" हा शब्द दोनदा आहे. त्यातला ड ओळखायचा आणि त्याच्या पुढं काना, म्हणजे सरळ उभी दांडी आहे का बघायची. वरचा मात्रेचा फराटा धरला की झाला डो. एवढं सापडलं की पुढं "चोपड्यास" असेल. त्याच्याही पुढं, समासाकडं, काही लिहिलं आहे का तेवढं बघा. झेरॉक्समध्ये तो भाग कापला गेला आहे. हिरा कुठल्या आळीत राहिला, कुणाकडं राहिला, असं काहीतरी असेल तिथं.

वाक्प्रचाराच्या मागं लागू नका म्हणता. लागणार. माझ्याकडं दुसरं काम काय आहे? सकाळी उठतो, दोन पोळ्या लाटतो. द्रौपदाबाईच्या वेळची परात तशीच मोठी आहे, तिच्यात माझा कणकेचा गोळा हरवतो. दुपारी मोडी वाचतो. घरात आवाज नाही हे मला आवाज नसल्यामुळं कळत नाही, तर दाराकडं बघायची सवय सुटली त्यावरून कळतं. पूर्वी ती आली की उजेड हलायचा.

म्हणून एक विनंती. तुमच्या आईंना घेऊन एकदा धुळ्याला या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मला त्यांच्या समोर बसून त्यांचे ओठ बघायचे आहेत. त्या "हिरा" म्हणतील ते मला डोळ्यांनी ऐकायचं आहे. माणसाला आठवत नसतं, पण दुसऱ्यानं चार गोष्टी विचारल्या की आठवतं. त्यांना काय आवडतं ते कळवा, करून ठेवीन. मला कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी चांगली जमते.

आधार


धुळे,
१६ मार्च २०२५

संघमित्राताई,

बरेच दिवस पत्र नाही. पोस्टमन मला बघून दुरूनच हात हलवतो, नाही म्हणून. आता तर मी दारात दिसलो की तो मान खाली घालून सायकल मारतो. त्याचा काय दोष?

मी काही चुकीचं लिहिलं का? आईंना बोलावलं ते आगाऊपणाचं वाटलं असेल तर माफ करा. त्यांची तब्येत बरी आहे ना, एवढं एका ओळीत कळवा. हिरा राहू द्या.

आधार


चोपडा,
३० मार्च २०२५

आधारभाऊ,

आई नाही.

ती गेल्या वर्षी, आखाजीच्या थोडं आधी गेली. पहिल्या पत्रापासून मी तुम्हाला "आई म्हणते" लिहीत आले. मफलरचं तिनं सांगितलं नव्हतं, ते मीच लिहिलं. पण ती असती तर तेच म्हणाली असती.

सुरुवातीला अनोळखी माणसाला घरात एकटी बाई आहे हे कशाला कळवायचं म्हणून लिहिलं. मग तुम्ही दर पत्रात तिला विचारायला लागलात. तिची चौकशी करणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं हो. मृणाली आजीचं नाव काढलं की रडते, म्हणून मी तिच्याशीही बोलत नाही. तुमच्या पाकिटात ती अजून होती. तुम्ही तिला विचारा म्हणालात आणि मला पहिल्यांदा नीट कळलं, की आता विचारायला कुणीच नाही. त्या दिवशी मी सर्दी झाली म्हणून लिहिलं, ती सर्दी नव्हती.

अजून एक सांगते. आईला शेवटी धुळ्याला दवाखान्यात नेलं होतं. तुमचं पहिलं पाकीट आलं आणि मागचा पत्ता वाचला, तेव्हाच ओळखलं. तुमची कॉलनी त्याच रस्त्यावर आहे. बाहेरच्या बाकावर मी एकटी बसले होते, समोर तुमच्या कॉलनीची कमान दिसायची. सही मी केली. परत येताना गाडीत पुढं ड्रायव्हर, मागं ती आणि मी.

आता कागदाचं. तो मी फेब्रुवारीतच पाहिला. मग हिंमत झाली नाही.

तुम्ही सांगितलं तशी खूण धरून बघितलं. पहिल्या शब्दात ड च्या पुढं दांडी आहे. दुसऱ्यात नाही. मी तीन वेळा बघितलं, कचेरीतल्या गृहस्थांनाही दाखवलं. तिथं कागदाची घडी आहे, भाऊ. कागद बरोबर त्या जागी दुमडलेला आहे आणि झेरॉक्समध्ये ती घडी काळी होऊन आली आहे. तुम्ही तिला काना समजलात. काना काढला की आंडोर राहत नाही, आंडेर होतं. आपल्या बोलीत आंडेर म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको.

हिरा हा मुलगा नव्हता. हिरा मुलगी होती. "चोपड्यास" म्हणजे चोपड्याला दिलेली. समासात काहीही लिहिलेलं नाही.

मग मी मंजुळाबाईंकडं गेले. आईच्या मैत्रीण, नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांना म्हटलं, हिराचा मुऱ्हाळी म्हणजे काय? त्या एकदम माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. म्हणाल्या, "आते इचारस का पोरी? हिरा म्हंजे तुनी आजीनी आजी. वराडखेडानी व्हती. तिना भाऊ धुयाले गया, तो गयाच. दर आखाजीले ती वाट देखे. मरे तोवर देखी तिनी." मग म्हणाल्या, "तुनी मायले बी भाऊ नही व्हता. बठ्ठ्या बायास्ना भाऊ येत, आनि पुष्पा दारमा बशी ऱ्हाये. म्हने, मना बी हिराना मुऱ्हाळी."

हिराचा मुऱ्हाळी म्हणजे फकीरा. तुमचा पणजोबा.

मी घरी येऊन कागदावर रेघा ओढल्या. फकीरा आणि हिरा भाऊ-बहीण. खाली उतरत आले, तर तुम्ही आणि माझी आई एका ओळीत येता. म्हणजे तुम्ही तिचे भाऊ लागता. जन्मभर ती म्हणत राहिली मला भाऊ नाही, आणि भाऊ धुळ्यात एसटी चालवत होता. तिचा जीव गेला तेव्हाही तो रस्त्यापलीकडं पोळ्या लाटत असेल. मला याचा फार त्रास झाला. कुणावर रागवावं तेही कळेना.

तुम्हाला भाऊबंद हवा होता. मी त्यात बसत नाही. लेकीची लेक, तिची लेक, असं करत आलेल्या आम्ही. ना तुमचं आडनाव, ना कूळ. बायकांची वंशावळ कुणी मांडतही नाही. हे वाचून तुमचा हिरमोड होणार हे माहीत होतं, म्हणून गप्प बसले. ऑपरेशनच्या सहीला मी येऊ शकते, रजा शिल्लक आहे. पण तिथं नात्याचा रकाना असतो. त्यात काय लिहू ते तुम्ही सांगा. उत्तर दिलं नाहीत तरी मी समजून घेईन.

संघमित्रा


धुळे,
१५ एप्रिल २०२५

संघमित्रा,

आता तुला अहो-जाहो करणार नाही. मामानं भाचीला अहो म्हटलं तर लोक हसतील.

दोन आठवडे लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की झेरॉक्स पुढं घ्यायचो. भिंग लावून बघितलं. घडी आहे. खालच्या दोन ओळींतून ती तशीच सरळ गेली आहे. मला ती तिथं दिसली, आणि इथं मात्र काना दिसला. अक्षर चुकलं नव्हतं, पोरी. मला भाऊबंद पाहिजे होता म्हणून काना मीच लावला. माझे कान गेले ते गेले, वर हा काना.

हिरमोड झाला का विचारतेस. झाला. पण तू म्हणतेस त्या कारणानं नाही. पुष्पाबाई भेटली नाही म्हणून झाला. फकीरा का गेला नाही हे मला माहीत नाही, कागदात नाही. रिकाम्या हातानं बहिणीच्या दारात कसं उभं राहायचं, असं वाटलं असेल त्याला. एक वर्ष राहिलं असेल, मग दुसरं राहिलं असेल. मी त्याचाच पणतू आहे, तरी मला त्याची बाजू घेता येत नाही. कारण मी काय केलं ते ऐक. धुळे-चोपडा गाडीवर मी कितीतरी वर्षं होतो. आखाजीच्या आधी गाडी माहेरवाशिणींनी भरून जायची. मांडीवर पोरं, पायाशी पिशव्या, आणि सगळ्या मोठमोठ्यानं बोलणाऱ्या. तेव्हा मला ऐकू येत होतं. अख्ख्या खानदेशच्या बहिणी मी माहेरी पोचवल्या. तुझ्या पाकिटावरचा पत्ता स्टँडमागच्या गल्लीचा आहे. म्हणजे पुष्पाबाई दारात बसलेली असायची आणि मी तिच्या समोरून हॉर्न मारत जायचो. हे डोक्यातून जात नाही.

परवा दवाखान्यात गेलो. आधी बाहेरच्या बाकावर बसलो. तू म्हणतेस तशी तिथून आमची कमान दिसते. बराच वेळ बसलो, मग आत जाऊन मे महिन्यातली तारीख घेतली. खिडकीतल्या मुलानं विचारलं, सोबत कोण? मी म्हटलं, भाची, संघमित्रा, चोपडा. त्यानं ते लिहून घेतलं आणि विचारलं, सख्खी का? त्याचे ओठ मला स्पष्ट दिसले. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही.

काल जयंतीची मिरवणूक आमच्या दारावरून गेली. डीजे तेवढा मला छातीत ऐकू येतो. वर्षातून एकदा मी ऐकणारा माणूस होतो. अभिमनरावांना म्हटलं, मला कडुनिंबाला झोका बांधायचा आहे. ते म्हणाले, कुणासाठी? मी म्हटलं, आमच्याकडं आखाजीला मुलगी येणार आहे. हे वाक्य माझ्या तोंडून माझ्या घरात कधी निघालं नव्हतं. आपल्या लोकांनी धर्म बदलला, घागरीची पूजा सोडली, पण आखाजीचा झोका आणि लेकीचं माहेर कुणी सोडलेलं नाही. दोर नवीन आणला आहे. द्रौपदाबाईची परात घासून ठेवली आहे. तिला आता बरं वाटेल, तिच्यात शोभेल एवढी कणीक होईल.

तू स्वतःहून यायचं नाही. तुला यायचं कळतं हे मला ठाऊक आहे, तू खेडोपाडी फिरतेस. तरी यायचं नाही. आखाजी बुधवारी, तीस तारखेला आहे. मी सोमवारी सकाळच्या गाडीनं निघतो, शिरपूरमार्गे. अनेरवर आता पूल आहे, त्यामुळं मला नदीची सबब सांगता येणार नाही. तू घरातच थांब. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, दारात बसूनही राहू नकोस. तुमच्या घरात फार वाट बघून झाली. मी कडी वाजवीन. तू आतून काय म्हणालीस ते मला कळणार नाही, तेव्हा सरळ दार उघड.

परतताना पुष्पाबाईचा फोटो पिशवीत घे. तुला अर्धं तिकीट, मला पास. तिचं तिकीट कंडक्टर मागणार नाही, मागितलं तर मी बघतो. खिडकीची जागा मात्र तिला द्यायची.

हिराचा मुऱ्हाळी,
आधार